अल्टोच्या रांगेतून दिसलेले वोल्डिके

कोपनहेगनमध्ये बऱ्यापैकी नाव असलेल्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात, शिरायचं तर आधी आवाजाची परीक्षा द्यावी लागते. कंडक्टर पियानोशी बसतात, तीन-चार स्वर एकदम दाबतात आणि सांगतात, यातला मधला गा. वरचा स्वर कानाला आपोआप सापडतो, खालचाही थोडं लक्ष दिलं की सापडतो. मधला शोधून काढावा लागतो. मी सांगलीत विशारदपर्यंत गाणं शिकलेली, सुराची भीती नव्हती. पण आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर समोर असतो. गर्दीतून आपला नेमका उचलायचा, हे काम कानाला नवं होतं. मग एक अनोळखी कागद समोर ठेवला आणि पाहताक्षणी गायला सांगितलं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, मी इथे आल्यावर शिकले होते, त्यामुळे निभावलं. आठवड्याभरात निरोप आला: अल्टो (बायकांचा खालचा आवाज), दुसरी रांग, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता.

त्या हंगामात आमच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, सोळाव्या शतकातल्या रोममधला संगीतकार पालेस्त्रीना याचा 'सिकुत चेर्वुस', जगभरच्या कॉयर ज्यावर तयार होतात तो. दुसरी, कार्ल निल्सन यांचे तीन मोटेट, ओपस 55. मोटेट म्हणजे लॅटिन धार्मिक वचनांवरची अनेक आवाजांची रचना. गोव्यातल्या वाचकांना लेंटच्या दिवसांत चर्चमध्ये म्हटले जाणारे मोतेत ठाऊक असतील, त्याच कुळातली. निल्सन हे डेन्मार्कचे सगळ्यात मोठे संगीतकार, सहा सिंफनी लिहिणारे. त्यांनी 1929 साली, आयुष्याच्या अगदी शेवटी, पालेस्त्रीनाच्या वळणाचे मोटेट का लिहिले, असं मी आमच्या कंडक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कारण तोवर ते गाऊ शकणारी माणसं या शहरात तयार झाली होती." आणि पुढे एका डॅनिश कॉयर-दिग्दर्शकाचं नाव घेतलं: मोअन्स वोल्डिके.

हे नाव मला अजिबात माहीत नव्हतं. आज मी जे काही गाते त्याच्या मुळाशी हा माणूस आहे, हे हळूहळू कळत गेलं. काही ग्रंथालयातून, काही जुन्या रेकॉर्डवरून, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तालमीतून.

तालमीचं सांगते. पहिला अर्धा तास आम्ही शब्दच उच्चारत नाही. 'नू' किंवा 'मो' एवढंच, आणि तेही हळू आवाजात. बास (पुरुषांचा खालचा आवाज) खर्ज धरतात, टेनर (पुरुषांचा वरचा) पंचम देतात, सोप्रानो (बायकांचा वरचा) वरचा षड्ज. गांधार बहुतेक वेळा आमच्याकडे, अल्टोंकडे येतो. पियानोवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (एका अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात). हार्मोनियमचंही तेच, म्हणून तर आपल्याकडे पेटीबद्दल इतके वाद झाले. कंडक्टरबाई पियानो बंद करतात, ट्यूनिंग फोर्क कानाशी नेतात, चार आवाजांना चार स्वर गुणगुणून देतात आणि मग नुसत्या उभ्या राहतात. सुरुवातीला जुळणी बरी वाटते, पण तिच्यात एक बारीक थरथर असते. मग अल्टोंनी स्वर केसभर खाली घ्यायचा. थरथर मंदावते, मंदावते आणि थांबते. त्या क्षणी कुणीच गात नसलेला एक स्वर खोलीत वर ऐकू येतो.

तंबोरा जुळवणाऱ्याला हे नवं नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार निघतो, तो हाच. ते कळल्यावर मला या अपरिचित संगीतात पाय ठेवायला जागा मिळाली. पण इथे एक फरक आहे आणि तोच शिकायला सगळ्यात वेळ लागला: इथे षड्ज हलतो. मी एकच स्वर चार मात्रा धरून ठेवते. पहिल्या मात्रेला बासांनी खाली एक स्वर लावला, म्हणून माझा स्वर गांधार होता. तिसऱ्या मात्रेला बास सरकले आणि तोच माझा स्वर पंचम झाला. कागदावर मी हललेली नाही, पण गळ्यात मला किंचित हलावं लागतं, नाहीतर नवी जुळणी लागत नाही. म्हणजे स्वतःचा स्वर सांभाळताना खाली काय चाललंय तिकडे सतत कान हवा. एकट्याने रियाज करून हे येत नाही. चार जण एकत्र असल्याशिवाय हे घडतच नाही.

आणि म्हणूनच वोल्डिके यांची कारकीर्द मला एवढी महत्त्वाची वाटते. ज्या काळात हे संगीत केवळ अभ्यासकांच्या टेबलावर होतं, त्या काळात त्यांनी आधी माणसं जमवली.

त्यांचा जन्म कोपनहेगनमधलाच, 1897 चा. कार्ल निल्सन आणि थॉमस लाउब हे त्यांचे गुरू. निल्सन जगाला माहीत आहेत, लाउब डेन्मार्कबाहेर फारसे कुणाला माहीत नाहीत. पण वोल्डिके समजून घ्यायचे तर लाउब आधी समजून घ्यावे लागतात. ते चर्चचे ऑर्गनवादक. एकोणिसाव्या शतकात डॅनिश चर्चमधलं स्तोत्रगायन हळवं, गोडगोड, बैठकीतल्या गाण्यासारखं झालं होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मूळ रिफॉर्मेशनच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या, काळातल्या चालींकडे, त्यांच्या मूळ लयीकडे परत चला, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. त्यावर 'संगीत आणि चर्च' या नावाचं पुस्तक त्यांनी 1920 साली लिहिलं. लोकांना आवडणाऱ्या चाली काढून टाका म्हणणाऱ्याला विरोध होणारच, तो झालाही. लाउब यांच्या दुसऱ्या एका शिष्याचं नाव क्नुड येपेसन. त्यांनी पालेस्त्रीनाच्या रचना उलगडून त्यातली प्रत्येक विसंवादी जागा तपासली, ती कशी येते, कशी सुटते याचे नियम मांडले. 1920 च्या दशकातला त्यांचा हा ग्रंथ आणि नंतरचं काउंटरपॉइंटचं (अनेक सुरांच्या ओळी एकमेकींशी गुंफण्याच्या तंत्राचं) पाठ्यपुस्तक आजही संगीताचे विद्यार्थी वाचतात.

येपेसन कागदावर जे दाखवत होते ते वोल्डिके यांनी गळ्यात आणलं, असं मी म्हणेन. 1922 साली, पंचविशीत, त्यांनी पालेस्त्रीना कॉयर उभी केली. नाव काय ठेवलं बघा. स्वतःचं नाही, शहराचं नाही. ज्याचं संगीत गायचं त्याचं.

विसंवादी जागेचं वर म्हटलं, तिथे थोडं थांबते, कारण 'सिकुत चेर्वुस'मध्ये अल्टोंचं सुख त्यातच आहे. सुरुवात टेनर करतात: जशी हरिणी पाण्याच्या झऱ्यांसाठी आसुसते. मग तीच ओळ घेऊन आम्ही शिरतो, मग सोप्रानो, शेवटी बास. कुणी कुणाची वाट अडवत नाही. मध्येच एका जागी मी सुरेल जुळलेला स्वर धरून असते आणि दुसरा आवाज माझ्या शेजारच्या स्वरावर येऊन बसतो. आता माझा स्वर बोचतो. मी काही केलेलं नाही, परिस्थिती बदलली. नियम असा की मी तसंच राहायचं, जोराच्या मात्रेवर टेकून, आणि पुढच्या हलक्या मात्रेला एकच पायरी खाली उतरायचं. वर उडी नाही, वळसा नाही. उतरलं की सगळं पुन्हा सुरेल. तयारी, बोच, उतार. पालेस्त्रीनाचं सगळं कारुण्य या तीन पावलांत आहे. आमच्या बाई बोचेच्या क्षणी तळहात खाली दाबतात, म्हणजे आवाज वाढवू नका, वजन द्या. हे दोन वेगळे आहेत हे त्यांनी कितीतरी मंगळवार सांगितलं असेल. आवाज वाढवला की बाकीचे तीन आवाज बुजतात आणि बोच कळतच नाही. वजन दिलं की श्रोत्याच्या छातीत लागते.

अशी गाणारी माणसं वोल्डिके यांनी सात वर्षं घडवली, तेव्हा कुठे निल्सन यांनी त्यांच्यासाठी ते तीन मोटेट लिहिले. 1930 च्या एप्रिलमध्ये पालेस्त्रीना कॉयरने ते पहिल्यांदा गायले, वोल्डिके यांच्या दिग्दर्शनाखाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये निल्सन गेले. गुरूने शिष्याच्या कॉयरसाठी लिहावं, आणि तेही त्या कॉयरला जे येतं ते लक्षात घेऊन, हे मला फार मोठं वाटतं. पहिला मोटेट 'आफ्लिक्तुस सुम': मी पीडित आहे, फार खचलो आहे, हृदयाच्या आकांताने मी गर्जत होतो. यात सोप्रानोच नाहीत. सगळ्यात वरचा आवाज अल्टोंचा. एरवी आम्ही मध्ये लपलेल्या असतो, इथे अचानक छप्पर आमच्यावर. खाली पुरुषांचे आवाज, सगळा पोत गडद, आणि त्या गडदपणातून ते आक्रंदन वर न्यायचं, पण ओरडायचं नाही. दुसरा मोटेट तेविसाव्या स्तोत्राचा. मराठी बायबलमध्ये 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणून ते अनेकांच्या ओळखीचं आहे. तिसरा पाच आवाजांचा, स्तुतीचा. निल्सनची चाल पालेस्त्रीनासारखी सरळ नाही. ती अवचित वळते, विसाव्या शतकातल्या माणसाचं अस्वस्थपण तिच्यात आहे. पण आधी 'सिकुत चेर्वुस' पक्का बसलेला असेल तर त्या वळणांवर आधार सापडतो. आमच्या बाईंनी दोन्ही एकाच हंगामात का ठेवले ते मला तिथे उमगलं.

आमच्या बासांच्या रांगेत एक आजोबा आहेत. लहानपणी ते कोपनहेगनच्या मुलांच्या कॉयरमध्ये गायचे. त्यांच्या शेजारी किंवा पुढे उभं राहायला मिळावं अशी सगळ्यांची इच्छा असते, कारण जुळणी ढळली तर ते काही न बोलता त्यांचा स्वर असा ठेवतात की आपण आपोआप जागेवर येतो. नोटेशन ते वर्तमानपत्रासारखं वाचतात. हे कुठून आलं, विचारल्यावर म्हणाले, "शाळेत. गणित शिकलो तसंच."

ती शाळाही वोल्डिके यांच्याच कामातून उभी राहिली. 1924 मध्ये त्यांनी मुलांची कॉयर, कोबनहाउन्स ड्रेंगेकोर, सुरू केली. जुन्या चर्चसंगीतात वरचे आवाज मुलांचे असायचे. ती परंपरा डेन्मार्कमध्ये जवळजवळ मोडली होती. पण मुलांचा आवाज बारा-तेरा वर्षांचं झालं की फुटतो. दर वर्षी काही मुलं गळणार, दर वर्षी नवी घडवायची. हौशी वर्गांवर हे निभत नाही. म्हणून 1929 साली शहराची गायनशाळा निघाली, जिथे सरकारी अभ्यासक्रमाबरोबर गाणं रोजच्या वेळापत्रकात होतं. आज ती सांक्त आने गिम्नेशियम या नावाने वाल्बी भागात चालते आणि मुलंमुली दोघांसाठी आहे. माझ्या मते वोल्डिके यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं. कार्यक्रम एका संध्याकाळी संपतो, शाळा शंभर वर्षं गायक देत राहते. आमच्याच कॉयरमध्ये त्या शाळेतून आलेले बरेच जण आहेत आणि कोपनहेगनच्या व्यावसायिक कॉयरमध्येही असतात.

पदांची यादी थोडक्यात सांगते. 1931 पासून क्रिस्टियान्सबोर राजवाड्याच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक, 1959 पासून 1972 पर्यंत कोपनहेगनच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे वोर फ्रुए किर्केमध्ये. 1937 मध्ये डॅनिश रेडिओने मॅड्रिगल कॉयर सुरू केली, तीही त्यांच्याच हाताखाली. रेडिओमुळे जुनं संगीत चर्चच्या भिंतींबाहेर, शेतावरच्या घरांतही पोचलं. 1954 साली येन्स पेटर लार्सन यांच्याबरोबर त्यांनी डॅनिश चर्चसाठी स्तोत्रांच्या चालींचं पुस्तक संपादित केलं. लार्सन हे अठराव्या शतकातला संगीतकार हायडन याचे मोठे अभ्यासक. रविवारी कुठल्याही गावातल्या चर्चमध्ये ऑर्गनवर जे पुस्तक उघडं असायचं, ते हे. लाउब यांची लढाई अशा रीतीने शिष्याने बऱ्याच अंशी पुढे नेली, भांडून नव्हे तर लोकांच्या हातात वापरायला सोपं पुस्तक देऊन.

रेकॉर्डिंगची गोष्ट मला स्वतंत्रपणे आवडते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 1750 पूर्वीच्या संगीतातल्या नमुनेदार रचनांचं एक पाठ्यपुस्तक निघालं. ग्रेगोरियन चालींपासून बाखपर्यंत. त्यातल्या रचना ऐकायला मिळाव्यात म्हणून हायडन सोसायटी नावाच्या कंपनीने रेकॉर्ड काढल्या, आणि त्या गायल्या कोपनहेगनच्या मुलांनी आणि पुरुषांनी, वोल्डिके यांच्या दिग्दर्शनाखाली. ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं तारांचं पट्टीवाद्य) फिन विडेरो. म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या किती तरी विद्यार्थ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मध्ययुगातलं संगीत ऐकलं ते डॅनिश गळ्यांतून. आमच्या आजोबांकडे त्यातली एक तबकडी आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ती ऐकली. खरखर बरीच, पण मुलांचे आवाज सरळ, कंप नसलेले, आणि प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. आज आम्हाला तालमीत जे सांगतात, कंप कमी करा, ओळ दिसू द्या, ते तिथे आधीच आहे.

त्याच दशकात व्हिएन्नामध्ये व्हॅनगार्ड कंपनीसाठी त्यांनी हायडनच्या शेवटच्या सहा सिंफनी, क्रमांक 99 ते 104, आणि बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या दुःखभोगाची संगीतात सांगितलेली कथा) ध्वनिमुद्रित केलं. जगात त्यांचं नाव या रेकॉर्डमुळे जास्त आहे. ते पॅशन मी दोनदा पूर्ण ऐकलं. नंतरच्या पिढीने जुन्या पद्धतीची वाद्यं वापरायला सुरुवात केली, त्यांच्या तुलनेत इथला वाद्यवृंद जाड वाटतो, आणि हे मान्य करायला हवं. पण कोराल येतात, ती साधी स्तोत्रं, तेव्हा चारही आवाज इतके नेमके तोललेले आहेत की दर रविवारी ऑर्गनशी बसून स्तोत्रं वाजवणारा माणूस इथे उभा आहे हे कळतं. एकल गायनातल्या नाट्यापेक्षा मला ते कोराल अधिक भावले. 1976 साली त्यांना लेओनी सोनिंग संगीत पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सगळ्यात आधी स्ट्राविन्स्की यांना दिला गेला होता. 1988 मध्ये वोल्डिके गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन.

त्यांच्या हयातीतच पुढची फळी उभी राहिली होती. 1979 मध्ये बो होल्टेन यांनी आर्स नोव्हा हा छोटा गायकसंच सुरू केला आणि पुनर्जागरण काळातल्या बहुस्वरी संगीतात कोपनहेगनचं नाव पुन्हा गाजलं. एवढ्याशा देशात असे गायक कुठून येतात, हे मला आता आश्चर्याचं वाटत नाही.

आमचा कार्यक्रम मार्चमध्ये एका विटांच्या जुन्या चर्चमध्ये झाला. चर्चमध्ये आवाज भिंतीवरून परत यायला वेळ लागतो, त्यामुळे तालमीतल्या खोलीत जी लय होती ती तिथे चालत नाही. शब्द एकमेकांवर चढतात. बाईंनी ऐनवेळी लय सावकाश केली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाला जागा ठेवली. 'आफ्लिक्तुस सुम'ची शेवटची जुळणी लागली तेव्हा आम्ही स्वर सोडून दिला आणि तो वर थोडा वेळ राहिला. नंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही भारतातून, मग हे कसं जमतं? मी तिला स्वयंभू गांधाराबद्दल सांगितलं. ती स्वतः ऑर्गन वाजवणारी निघाली, आणि मग आम्ही चर्चचे दिवे मालवेपर्यंत 14 सेंटांबद्दल बोलत बसलो.

नव्या हंगामासाठी बाईंनी मोअन्स पेडरसन यांचं 'प्रातुम स्पिरितुआले' निवडलंय. राजा चौथ्या क्रिस्टियानच्या दरबारातला हा संगीतकार, व्हेनिसला जाऊन जोव्हानी गाब्रिएलींकडे शिकून आलेला. त्याच दरबारात काही वर्षं जॉन डाउलंड ल्यूट वाजवायला होता आणि पुढे हाइनरिश श्युट्झ येऊन गेला. पेडरसन यांचं हे पुस्तक 1620 चं, त्यात डॅनिश स्तोत्रं आहेत आणि पाच आवाजांचा एक मास, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतलं संगीत, आहे. येपेसन यांनी 1933 मध्ये ते संपादित करून छापलं नसतं तर आज ते आमच्या स्टँडवर आलं नसतं. यातली डॅनिश जुनी आहे, काही शब्द इथल्या लोकांनाही अडतात, त्यामुळे या खेपेला उच्चारांच्या बाबतीत मी आणि बाकीच्या अल्टो एकाच पायरीवर आहोत. मासच्या 'किरिए' या सुरुवातीच्या भागाची पहिली पानं मागच्या मंगळवारी वाटली. आजोबांनी त्यांचं पान वाटतानाच गायला सुरुवात केली होती.